तारेखालचा कान

रामटेकच्या माणसाने कोणत्याही विषयावर लिहावयास घेतले तरी तो पहिल्या पानावर मेघदूत आणल्यावाचून राहत नाही, अशी आमची नागपुरात थट्टा होते. थट्टा खरी आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी रामगिरी म्हणजे आमचे रामटेकच, हे पुराव्यांनिशी मांडल्यापासून तर तो आम्हांला हक्कच मिळाल्यासारखा झाला आहे. तेव्हा तो बजावून मी आरंभीच सांगून टाकतो, की मेघदूतातली मला सर्वांत प्रिय जागा मेघाची नाही, वीणेची आहे. अलकेत बसलेली यक्षपत्नी मांडीवर वीणा घेते, नवऱ्याचे नाव गुंफलेले गाणे गावे म्हणते. पण डोळ्यांतले पाणी तारांवर पडते, ती ते कसेबसे पुसते, आणि पुसता पुसता स्वतःच बांधलेली मूर्च्छना विसरून जाते. रसिकांनी यात विरह पाहिला, आणि तो आहेच. मला मात्र त्यात वाद्य हाताळणाऱ्याची नजरही दिसते. ओली तार नीट बोलत नाही हे कवीला ठाऊक होते.

तार बोलते कशी, आणि ती हळू बोलत असेल तर तिचे बोलणे हजार माणसांच्या कानी कसे घालावे, या प्रश्नाने गेल्या शंभर वर्षांत जगात मोठी धांदल उडवून दिली. त्या धांदलीची हकीकत यंदा वाचकांपुढे ठेवतो. विषय विजेच्या गिटारीचा आहे आणि तिच्या एका गरीब चुलत बहिणीचाही. ही बहीण आपल्या लग्नांच्या वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवरून मिरवते. तिला आपण बँजो म्हणतो.

गिटार मुळात घरगुती स्वभावाची. चार माणसांच्या बैठकीत तिचे गोड बोलणे ऐकू येते. शेजारी कुणी पितळी तुतारी फुंकू लागला की ती बिचारी बुडून जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत हवाई बेटांच्या संगीताचे वेड लागले. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने ते वेड घरोघर पोचविले. हवाईचे लोक गिटार मांडीवर आडवी ठेवीत आणि तारांवर पोलादी दांडी सरकवून मींड काढीत. आपल्या विचित्रवीणेच्या वादकाला हे पाहून घरचे माणूस भेटल्यासारखे वाटावे. हा प्रकार लोकांना आवडला. पण मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेला केवळ वादकाचा हात हलताना दिसे, ऐकू काही येत नसे.

जॉर्ज बोशाँ नावाचा एक टेक्ससकडचा गृहस्थ असल्या फिरत्या रंगभूमीवर हवाई गिटार वाजवून पोट भरी. शेवटच्या रांगेचे दुःख त्याला रोजचे होते. प्रथम त्याने डोपिएरा नावाच्या कारागिराकडून गिटारीच्या पोटात धातूचे पातळ पडदे बसवून घेतले. आवाज वाढला, पण त्याचे समाधान होईना. मग तो विजेच्या मागे लागला. तोपर्यंत ज्यांनी ज्यांनी गिटारीला वीज लावण्याचा यत्न केला होता, त्यांतल्या बहुतेकांनी गिटारीच्या लाकडाची थरथर पकडू पाहिली होती. बोशाँने ठरविले की लाकडाला विचारावयाचेच नाही. थेट तारेलाच विचारावयाचे.

येथे क्षणभर शाळेचा फळा पुसावा लागेल. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलविला तर वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. मॅट्रिकच्या पुस्तकात हे दोन ओळींत असते आणि मुले ते पाठ करून विसरतात. बोशाँने याच दोन ओळी थोड्या फिरवल्या. चुंबक स्थिर ठेवला, वेटोळे स्थिर ठेवले, आणि दोघांवरून पोलादाची तार जाऊ दिली. तार पोलादाची असल्यामुळे चुंबकाच्या सान्निध्याने तीही थोडी चुंबकी होते. छेडली की ती थरथरते, तिच्याबरोबर चुंबकाचे क्षेत्र थरथरते, आणि वेटोळ्यात त्याच थरथरीची इवलीशी वीज निर्माण होते. ती वाढवून कर्ण्यात सोडली की झाले. या जोडीला पिकअप म्हणतात. मी शाळेत सांगताना त्याला तारेखालचा कान म्हणतो. हा कान केवळ पोलादाचे बोलणे ऐकतो. आतड्याची किंवा नायलॉनची तार त्याच्यासमोर कितीही आक्रोश करो, तो बहिरा. आणि तंबोऱ्याच्या पितळी खर्जालाही त्याच्या दरबारात दाद नाही.

१९३१ साली पहिला नमुना तयार झाला. गोल पोटाची, लांब दांड्याची ती लहानशी गिटार हुबेहूब तळणाच्या कढईसारखी दिसे, म्हणून लोकांनी तिचे नावच 'फ्राइंग पॅन' ठेवले. तारांवरून नालाच्या आकाराचे दोन चुंबक कमानीसारखे गेले होते. अॅडॉल्फ रिकनबॅकर या कारखानदाराच्या साह्याने १९३२ साली लॉस एंजेलिसमध्ये ती विक्रीस निघाली. ऐन मंदीचे दिवस. वाद्य घेण्यास कुणाजवळ पैसा नव्हता.

खरी गंमत पुढेच आहे. बोशाँने पेटंट मागितले, आणि पेटंट-कचेरीतले साहेब विचारात पडले. हे चालते तरी का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून नामी: हे वाद्य आहे की विजेचे उपकरण? कोणत्या खात्याकडे कागद पाठवावा हेच ठरेना. अखेर हवाईचे नामांकित वादक वॉशिंग्टनला पाठवून साहेबांपुढे प्रत्यक्ष वाजवून दाखवावे लागले, असे सांगतात. पेटंट हाती पडले १९३७ च्या ऑगस्टात. तोपर्यंत कान सर्वत्र गेला होता. गिब्सन कंपनीने आपली विजेची गिटार १९३६ सालीच काढली होती, आणि ती हाती घेऊन चार्ली ख्रिश्चन नावाचा कृष्णवर्णीय तरुण १९३९ साली बेनी गुडमनच्या ताफ्यात जाऊन बसला. तुतारीवाल्यांच्या बरोबरीने गिटार बोलली ती तेव्हा. तो पंचविसाव्या वर्षी क्षयाने गेला. बोशाँही १९४१ साली गेला. ज्या आवाजाने पुढे साऱ्या पृथ्वीवर धुमाकूळ घातला, तो या दोघांपैकी कोणाच्याही कानी आला नाही.

वाद्य की यंत्र, हा प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला आहे, आणि आपण त्याचे उत्तर फार सन्मानाने दिलेले नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीलाच दार बंद केले. परकीय, मींड न येणारी, स्वरांचे खोके, असे तिच्यावर आरोप होते. ते दार किलकिले व्हावयास १९७१ उजाडले. तोवर गावोगावच्या भजनी मंडळांत आणि नाटकांत पेटीवाचून पान हलत नव्हते, ही गोष्ट वेगळी. सरकारी कान आणि रयतेचे कान यांचे असे क्वचितच जुळते.

हवाई गिटार हिंदुस्थानात आली ती फिरत्या हवाई मंडळींबरोबर. टाऊ मो हा वादक आपल्या मंडळींसह १९२९ च्या सुमारास इकडे आला आणि पुढे चाळीसच्या दशकात काही वर्षे कलकत्त्यात राहिलाही. तेथे तिची परंपराच पडली. मुंबईत लखनौहून आलेले व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी विजेच्या गिटारीवर सिनेमाची गाणी वाजविली. त्यांच्या तबकड्या घराघरांत गेल्या. शब्द नसलेले गाणे ऐकून ओळखावयाचे, हा त्या काळी मुलांचा आवडता खेळ असे. वडील माणसांकडून मी ऐकले आहे, की रेडिओवर ती तार नुसती 'सा' वरून सरकली तरी घरातले कुणीतरी मुखडा गुणगुणू लागे. उभ्या धरावयाच्या गिटारीचे राज्य हिंदी सिनेमात पुढे आले. राहुल देव बर्मनच्या 'तीसरी मंज़िल' (१९६६) मधील गिटारीच्या संदर्भात दिलीप नाईक यांचे नाव घेतात. 'दम मारो दम' (१९७१) ची ती सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची. आणि या साऱ्यांच्या मागे, खुर्च्यांवर बसून स्वरलिपी वाचणारे गोव्याचे वादक होते. त्यांच्यावर स्वतंत्र लेख व्हावयास हवा.

परदेशी वाद्ये आयात करणे त्या काळी सोपे नव्हते. परवाने, जकात, परकीय चलन! ज्याच्याजवळ खरी अमेरिकन गिटार असेल त्याच्या घरी लोक ती पाहावयास जात. उरलेल्यांनी काय केले? जे आपला देश नेहमी करतो ते. दुरुस्तीवाल्याकडे गेले. जुन्या हेडफोनचे बोंड उघडले तर आत एक चुंबक आणि केसासारख्या तारेचे वेटोळे असतेच. वरचा पातळ पत्रा काढून ते पोलादी तारेखाली धरले की झाला पिकअप. रेडिओच्या आवाजाला नवी चाल मिळे.

आता बँजोकडे येतो. अमेरिकेतला बँजो म्हणजे कातडे मढविलेले वाद्य, आफ्रिकेतून गुलामांबरोबर गेलेल्या वाद्यांचा वंशज. आपल्या बँजोने त्याचे नाव तेवढे उचलले. याचा खरा जन्म जपानात, नागोयाला, १९१२ साली. गोरो मोरिता याने लांबट पेटीवर तारा ताणल्या आणि त्यांवर टाइपरायटरसारख्या कळा बसविल्या. डाव्या हाताने कळ दाबावी, उजव्या हातातील पात्याने तार छेडावी. पडदे शोधण्याची यातायात नाही. त्या वर्षी जपानात ताइशो राजाची कारकीर्द सुरू झाली म्हणून वाद्य 'ताइशोगोतो'. जपानी मालाबरोबर ते आपल्या बंदरांत उतरले आणि बुलबुलतरंग झाले. बलुचिस्तानात त्याला 'बेंजू' म्हणतात. मुंबईत गिरणगावच्या चाळींतून आणि कोळीवाड्यांतून त्याच्या तारांखाली पिकअप बसला, पुढे कर्णा आला, बाजूला ढोलकी-ताशा आला, आणि बँजो पार्टी जन्मास आली. २०१६ साली रवी जाधव यांनी यावर 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटच काढला.

योगायोग पाहा. ज्या १९३१ साली कॅलिफोर्नियात ती कढई तयार झाली, त्याच साली जपानात मिशिमा नावाच्या शास्त्रज्ञाने लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रणातून पूर्वीच्या पोलादापेक्षा कितीतरी चिवट चुंबक बनविला. त्याचीच पुढची पिढी म्हणजे अल्निको. तो आल्यामुळे नालाएवढा चुंबक करंगळीच्या पेराएवढा झाला, आणि तारांवरची कमान जाऊन चुंबक तारांखाली लपला. कळाही जपानच्या, चुंबकाची युक्तीही जपानची; आणि वाजते काय, तर कोळीगीत!

पिकअपच्या वेटोळ्यात सुमारे आठ हजार फेरे असतात. तार ०.०६ मिलिमीटरच्या आसपास जाडीची, म्हणजे माणसाच्या केसाइतकी. उलगडली तर किलोमीटरभर भरेल. फेरे वाढविले तर आवाज मोठा आणि जाड होतो, पण त्याची वरची धार जाते; कमी केले तर आवाज लहान पण लखलखीत. कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस होता. त्याने १९५० पासून कारखान्यात उभ्या धरावयाच्या विजेच्या गिटारी काढल्या. त्याच्याकडे ही वेटोळी गुंडाळण्याचे काम बहुधा स्त्रिया करीत, त्यांत मेक्सिकन वंशाच्या पुष्कळ. १९५६ साली कामास लागलेली अॅबिगेल इबारा तर पुढे एवढी नावाजली, की तिच्या हातचे पिकअप मागून घेत. यंत्र फिरे, पण तार बोटांतून सोडावी लागे, आणि प्रत्येकीची सोडण्याची रीत निराळी. म्हणून दोन पिकअप कधी जुळ्या बहिणींसारखे निघत नसत. लोक वादकाचे नाव घेतात, कंपनीचे घेतात. वात वळणाऱ्या हातांचे कोण घेतो?

कान चांगला, पण त्याला एक खोड होती. तो तारेबरोबर भिंतीतल्या विजेचेही बोलणे ऐके. आपल्या घरात वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. आमच्या बाजूला कोराडीची मोठमोठी चक्रे सेकंदाला पन्नास फेरे घेतात तेव्हा ती तयार होते. पिकअप लावून कर्णा उघडला की ही गुणगुण ऐकू येते. पेटीवाल्यांसाठी सांगतो: तिचा स्वर खालच्या, अगदी खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. अमेरिकेत वीज साठ वेळा हेलकावते. तेथील गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधोमध, म्हणजे कोणत्याच पेटीत नसलेली. तंबोरा म्हणून ती वापरावी असे एखाद्याच्या मनात येईल, पण हा तंबोरा कधी आपल्या पट्टीत येत नाही.

गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर याने यावर १९५५ साली युक्ती काढली. एकाऐवजी दोन वेटोळी शेजारी ठेवली, दुसरे उलट दिशेने जोडले आणि त्याखालचा चुंबकही उलटा केला. भिंतीतली गुणगुण दोघांत सारखीच शिरते, पण जोडणी उलट असल्यामुळे एकमेकींना खाऊन टाकते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सुलटा होऊन दुप्पट होतो. भांडखोर जावा घरापुरत्या भांडाव्या आणि बाहेरच्यापुढे एक व्हाव्या, तसे हे. पेटंट मिळाले १९५९ ला. तोपर्यंत निघालेल्या पिकअपांच्या पोटाखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवीत. आज त्या चिठ्ठीचे पिकअप सोन्याच्या मोलाने विकले जातात.

कान झाला, आता गळा. गिटारीवर दोन-तीन गोल बटणे असतात, त्यांतले एक 'टोन'चे. त्याच्यामागे एक बारीक कपॅसिटर असतो. बटण फिरविले की उंच स्वरांश त्यातून जमिनीकडे वाहून जातात आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा मऊ होतो. आपल्याकडे हे काम विजेवाचून शतके चालत आले आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकविला की तोच स्वर झणकारतो किंवा मुका होतो. घोडीचा माथा कानशीने अगदी थोडा घासून जवारी काढतात ती हीच विद्या. मिरजेचे सतारमेकर मूळचे शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. संस्थानी लढाया सरल्यावर एकोणिसाव्या शतकात त्यांनी ती धार घोडीला लावली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. जवारी बिघडली तर तंबोरा घेऊन मिरजेस जावे लागते. टोनचे बटण बिघडले तर?

तर माणूस स्वतः पेचकस उचलतो. वादकाने तारा उलटसुलट जोडाव्यात हा या वाद्याचा इतिहासच आहे. फेंडरच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीला तीन पिकअप आणि तीन जागांचा खटका होता. वादकांच्या लक्षात आले की खटका दोन जागांच्या मध्येच अडकवून ठेवला तर एक तिसराच, पोकळ गोड आवाज येतो. कुणी काडी खोवली, कुणी खटक्याची स्प्रिंग काढली. कारखान्याने पाच जागांचा खटका बसविला तो १९७७ साली, तब्बल तेवीस वर्षांनी. शेवटच्या पिकअपला कारखान्याने टोनचे बटणच दिले नव्हते. तेही लोकांनी घरी डाख लावून जोडून घेतले. शोध कारखान्यात लागतो आणि त्याचा अर्थ ओसरीवर, असे मला या इतिहासात वारंवार दिसते.

याचा एक नमुना आमच्या गावातलाच आहे. माझा एक जुना विद्यार्थी लग्नांतून बँजो वाजवितो. वाद्य वडिलांचे. त्रिपुरी पौर्णिमेच्या यात्रेस आलेली माणसे नुसता आवाज ऐकून अमक्याचा बँजो म्हणून ओळखत, असे ते वाद्य. वडील वारले, आणि वर्षाच्या आत पिकअप मुका झाला. वेटोळ्यातली तार कुठेतरी आत तुटली होती. नवा पिकअप बाजारात मिळतो, पण पोराच्या मनात ते येईना. आवाज बापाचा होता. आईचे म्हणणे याच्या अगदी उलट: मुक्या वाद्यात कोणाचाच आवाज नसतो, सीझन तोंडावर आहे, काय ते कर.

अखेर ते पंखे आणि पंपाच्या मोटारी वाइंडिंग करणाऱ्या दुकानात नेले. दुकानदाराच्या हाताला जाड तारेची सवय. ही तार डोळ्यांना दिसेना. नागपुराहून तार आणविली. पहिले वेटोळे अर्ध्यावर तुटले. जुने किती फेऱ्यांचे होते हे मोजता येत नव्हते, कारण उलगडताना तार ठिकठिकाणी सुटत होती. दुसऱ्या वेटोळ्याला त्याने आपल्या अंदाजाने, 'आवाज कमी पडायला नको' म्हणून, फेरे जास्तच घातले. वाद्य बोलले. आवाज मोठा होता, पण जाड, घसा बसल्यासारखा. पोराचा चेहरा पाहून मीच अस्वस्थ झालो. मग दुकानात बसलेल्या एका रेडिओवाल्याने सुचविले, की अडीचशे किलोओहमचा पॉट काढून पाचशेचा घाल, वरचे स्वर कमी गळतील. तसे केले. घसा मोकळा झाला. तरी तो आवाज तोच होता काय? आई म्हणाली, तोच. पोरगा म्हणाला, जवळजवळ. दुकानदार म्हणाला, वीस वर्षांत चुंबकही थोडा मंदावतो, तेव्हा बापाचा तरी शेवटचा आवाज पहिल्यासारखा कुठे होता!

त्या बोलण्यात किती शास्त्र आणि किती गिऱ्हाइकाची समजूत, हे मी तपासत बसलो नाही. यंदा तुळशीच्या लग्नानंतरचे पहिलेच मुहूर्त त्याने घेतले आहेत. तुटलेली जुनी तार त्याने टाकलेली नाही. बँजोच्या पेटीच्या एका कोपऱ्यात कागदाच्या पुडीत ठेवली आहे. विचारले तर म्हणतो, तांबे आहे सर, मोडीत काय येणार त्याचे.